गोव्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये परसात काय लावावं, आणि पडणाऱ्या पाल्याचं काय करावं?

पुण्याहून पर्वरीला भाड्याच्या घरात आलात, मागे थोडं परस आहे, आंबा-फणसाचा पाला रोज पडतो आणि घरमालक तो जमवून जाळायला सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. मुलांना हाताने काय करता येईल तेही विचारलंय. लावायचं काय ते पुढे सांगते. आधी पाला. तो जाळू नका.

इतक्या ठामपणे सांगते, कारण याच पाल्यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चाललाय. माझं सासर डिचोली तालुक्यात. घराभोवती आंबे-फणस, विहिरीच्या दोन्ही अंगांना माड. माघ सरत आला की पानगळ वाढते, आणि शिगम्याला, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाला, पाहुणे येणार म्हणून परस लख्ख हवं. थोरले भावोजी खराट्याने सगळा पाला ओढून फणसाखाली ढीग करायचे आणि काडी लावायचे. 'कोयर तो, लासून उडय' (कचरा तो, जाळून टाक), एवढंच त्यांचं म्हणणं. सासूबाईंना दमा. धूर घरात शिरला की त्या पदर तोंडाला लावून पुढच्या सोप्यावर जाऊन बसायच्या, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. एका वर्षी त्या जाळाने फणसाच्या खोडाची साल करपली, वरचे कोवळे फणस गळून पडले. त्या दिवशी मी सासऱ्यांसमोर बोलले. विहिरीपलीकडचे माड माझ्याकडे द्या, तिथला पाला मी बघते, म्हटलं. त्यांनी दिले.

मी काही नवीन शोधून काढलं नाही. माहेरी आजी करायची तेच केलं. माडाभोवती आळं करून त्यात सोडणं, म्हणजे नारळाच्या साली, मांडली, पोकळ बाजू वर करून, म्हणजे पाणी त्यात धरून राहतं. वर पाल्याचा जाड थर. नारळाच्या शेतीचे जाणकारही सोडणं अशीच पुरायला सांगतात. एकदा पुरलेली सोडणं ५ ते ७ वर्षं कामाला येतात. गोव्यात पाऊस वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पुढे मेपर्यंत ही चिऱ्याची जमीन नुसती तापत राहते. नेमकं तेव्हाच झाडं पाला टाकतात, आणि आपण जमिनीवरचं ते पांघरूण ओढून जाळतो!

भावोजी म्हणायचे, राखसुद्धा खतच. राखेत पालाश असतं आणि आमच्या आम्लधर्मी तांबड्या मातीला ती चालते, हे खरं. पण पाल्यातलं नत्र आणि मातीला भुसभुशीत करणारं सगळं धुरातून निघून जातं. राख हवी तर न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली रोज पडतेच की. एप्रिलात मी त्यांना बोलावून माझ्या माडाखालचा पाला हाताने बाजूला केला. खाली ओल होती, गांडुळं होती. त्यांच्या बाजूला कुदळ खणखणत होती. तरी ते म्हणाले, तुझे माड विहिरीजवळ आहेत. विहीर दोन्हीकडच्या माडांना सारख्याच अंतरावर आहे. हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, डोंगर दिवसचे दिवस धुमसत होते, पाणी टाकायला हेलिकॉप्टरं आणावी लागली. ते पाहूनही जो माणूस फाल्गुनात वाळक्या पाल्याला काडी लावतो, त्याला काय म्हणायचं?

आता तुमची लागवड. मोठे बेत नकोत. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस उभा राहील, त्याआधी हाती येईल तेच लावा. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, महिन्याभरात काढता येते. बी बारीक असतं, कोरड्या रेतीत मिसळून टाका म्हणजे एकाच जागी पडत नाही. भेंडी, चिटकी (गवार), काकडी या उन्हात होतात. कलिंगडाची वेळ गेली. वांगी-मिरची करायचीच तर तयार रोपं आणा. पाणी संध्याकाळी, बुंध्याशी. रोपं हातभर झाली की मधल्या जागेत पाला पसरा.

मुलांना पडलेल्या झावळीचे हीर सोलायला बसवा आणि त्यांचा खराटा बांधून घ्या. पोफळीची विरी, म्हणजे पानाचं रुंद बूड, मिळाली तर रात्रभर भिजत घाला. मऊ झाली की दुमडून, कडेला हीर टोचून रोपांसाठी द्रोण होतो. प्लास्टिकच्या पिशव्या विकत घ्यायची गरज नाही.

आणखी काही गोष्टी. पाल्यात साप बसतो असं भावोजी म्हणतात, ते खरंच आहे. घोणस पाल्यात दिसतसुद्धा नाही. म्हणून ढीग दारापासून लांब ठेवा, काठीने हलवल्याशिवाय हात घालू नका, मुलांना तिथे अनवाणी पाठवू नका. वाळवीसाठी बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडा. मोहोरावरच्या तुडतुड्यांसाठी काहीजण संध्याकाळी थोडी धुरी करतात, तिला माझा विरोध नाही. ढीग पेटवणं वेगळं.

घरमालक ऐकत नसतील तर राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश त्यांना सांगा. उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड आहे. मी तो आदेश छापून आमच्या सोप्यावर लावलाय, भावोजी पेपर वाचायला बसतात त्याच्या समोर.