यंग अकॅडमीत जावं का, आणि धोरणात आपलं कोण ऐकतं?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. पीएचडी होऊन चार वर्षं झालीत, यंग अकॅडमीसाठी, म्हणजे तरुण शास्त्रज्ञांच्या अकादमीसाठी, अर्ज करावासा वाटतोय, पण गाइड म्हणतात, "आधी पेपर लिही, समित्या म्हातारपणी." आणि दुसरं म्हणजे, तिथे जाऊन धोरणात काही फरक पाडता येतो की ग्रुप फोटोतच हजेरी लावायची? गाइडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्याकडे नंतर येतो.

या यंग अकॅडम्या आल्या कुठून, ते आधी. मूळ अकादम्या, म्हणजे नावाजलेल्या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्था, फार जुन्या. जर्मनीची लिओपोल्डिना तर १६५२ सालची. तिथलं सदस्यत्व हा कारकिर्दीचा सन्मान असतो, त्यामुळे तो बहुधा कारकीर्द बरीचशी होऊन गेल्यावर मिळतो आणि मग तहहयात राहतो. सरकारला सल्ला देणाऱ्या टेबलाभोवती त्यामुळे एकाच पिढीची माणसं बसलेली दिसायची. २००० साली लिओपोल्डिना आणि बर्लिन-ब्रांडेनबुर्ग अकादमी यांनी मिळून तरुणांसाठी वेगळी अकादमी काढली. २००५ मध्ये नेदरलँड्सने तोच कित्ता गिरवला. २०१० मध्ये ग्लोबल यंग अकॅडमी आली: जास्तीत जास्त २०० सदस्य, कार्यालय जर्मनीतल्या हाले शहरात, लिओपोल्डिनाच्याच आश्रयाला. आपल्याकडे इन्साच्या (भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या) छत्राखाली इन्यास ही तरुणांची अकादमी २०१४ पासून आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडणारा नियम म्हणजे पाच वर्षांची मुदत. पाच वर्षं झाली की खुर्ची सोडायची, मग तुम्ही कितीही कामाचे असा. त्यामुळे कुणाची गादी तयार होत नाही. तोटाही त्यातच आहे. एखादा अहवाल विषय ठरण्यापासून छापून येईपर्यंत दोन-तीन वर्षं सहज खातो, आणि तो हाती येतो तेव्हा ज्यांना त्यातल्या खाचाखोचा माहीत असतात त्यांचीच मुदत संपत आलेली असते.

आता परिणामाबद्दल. तरुण शास्त्रज्ञांना बोलावतात खूप, पण बहुतेकदा वरातीमागून घोडं. अहवाल तयार असतो, शिफारशी गोठलेल्या असतात, प्रकाशनाच्या दिवशी चर्चासत्रात एक खुर्ची 'तरुणांचा आवाज' म्हणून राखून ठेवतात. वर विचारतात काय, तर फेलोशिप वेळेवर मिळते का, ताण किती असतो. हिमनद्यांवर दहा वर्षं घालवलेल्या माणसाला हिमनद्यांबद्दल कुणी विचारत नाही. असं आमंत्रण आलं तर जरूर जा, पण बोला आपल्या विषयावर. तुम्ही तिथे वयामुळे गेला असलात तरी तुमचं ऐकून घ्यावं असं तुमच्याजवळ जे आहे, ते वय नव्हे.

एक अपवाद मी मानतो: संशोधनाचं मूल्यमापन. पेपरांची संख्या आणि इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला याचा आकडा) यांची झळ सर्वांत जास्त कंत्राटी पोस्टडॉकना, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या पदावर संशोधन करणाऱ्यांना, लागते, तेव्हा तिथे तरुणांनीच बोलायला हवं. या विषयावर ग्लोबल यंग अकॅडमी, इंटरॲकॅडमी पार्टनरशिप (जगभरच्या अकादम्यांचं जाळं) आणि आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषद यांनी २०२३ मध्ये एकत्र चर्चापत्र काढलं. त्यावर तरुणांच्या संस्थेचं नाव थोरल्यांच्या बरोबरीने आहे. नंतर पाठिंब्याचं पत्र देण्यात आणि आधीपासून लिहायला बसण्यात केवढा फरक आहे!

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे: मजकूर कच्चा असताना तुम्ही तिथे आहात का?

आयपीसीसीचं, म्हणजे हवामानबदलावरचं संशोधन तपासून अहवाल देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीचं, उदाहरण घ्या. २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता खूप मोठी असल्याचं वाक्य छापलं गेलं. आधार पीअर-रिव्ह्यू, म्हणजे इतर तज्ज्ञांकडून तपासणी, न झालेल्या मजकुराचा. २०१० च्या जानेवारीत आयपीसीसीला चूक मान्य करावी लागली आणि पुढे अख्ख्या कार्यपद्धतीची तपासणी अकादम्यांच्याच एका संस्थेकडे, इंटरॲकॅडमी कौन्सिलकडे, सोपवण्यात आली. त्यांना आढळलं की मसुदा वाचणाऱ्यांनी शंका काढल्या होत्या, पण लेखकांनी त्यांचा नीट विचार केला नाही आणि तो करवून घेणं ज्या संपादकांचं काम होतं त्यांच्याही नजरेतून ते सुटलं. म्हणजे योग्य शेरा योग्य वेळी आलेला होता.

आता गंमत अशी की हे मसुदे वाचायला कुठल्याही अकादमीचं सदस्यत्व लागत नाही. आपलं या विषयातलं ज्ञान काय ते स्वतःच नोंदवायचं आणि परीक्षक म्हणून मसुदा मागायचा. प्रत्येक शेऱ्याला लेखकांनी उत्तर द्यायचं असतं आणि शेरे-उत्तरं दोन्ही नंतर जाहीर होतात. २०२१ च्या भौतिक विज्ञानाच्या अहवालावर ७८,००७ शेरे आले होते. एवढ्या ढिगाऱ्यात "हा भाग आणखी विस्ताराने हवा" या शेऱ्याला काय उत्तर मिळत असेल, याची कल्पना करा. पान, ओळ, काय चुकलंय, कोणत्या पेपरच्या आधारे, आणि त्या जागी कोणतं वाक्य हवं, असं लिहिलंत तर लेखकाला ते बाजूला सारणं जड जातं. मी स्वतः असं परीक्षण केलं आहे. सुचवलेलं वाक्य जसंच्या तसं क्वचितच येतं, पण आकड्याला जोडलेली खात्रीची पातळी बदललेली दिसते. धोरणाच्या दृष्टीने ते लहान नाही, कारण मंत्रालयातला माणूस नेमकं तेच वाचतो.

एकट्याने हजारभर पानं झेपत नाहीत. ध्रुवीय संशोधनातल्या तरुणांच्या एपेक्स या संघटनेने यावर चांगला मार्ग काढला. समुद्र आणि हिमावरण (पृथ्वीवरचा बर्फ आणि हिम) यांवरच्या आयपीसीसीच्या विशेष अहवालाचा मसुदा त्यांनी गटाने वाटून वाचला आणि शेरे एकत्र करून पाठवले. तुमच्या विषयात असा गट नसेल तर चार पोस्टडॉक जमवा, काम सुरू होतं. जैवविविधतेकडे कल असेल तर आयपीबीईएसची (जैवविविधतेवर असेच अहवाल देणारी आंतरसरकारी संस्था) फेलोशिप पाहा. तिथे तरुण संशोधक एका प्रकरणाच्या लेखकांबरोबर थेट काम करतात.

आता गाइड. यंग अकॅडमीची निवड आधी संशोधनावरच होते, समाजासाठी काही करायची तयारी त्यानंतर पाहतात, त्यामुळे पेपर हवेतच. पण 'म्हातारपणी' हे पटत नाही. ग्लोबल यंग अकॅडमीत येणारे बहुतेक जण पीएचडीनंतर तीन ते दहा वर्षांच्या टप्प्यातले असतात. तुम्ही आत्ताच त्यात आहात आणि हा टप्पा पुन्हा येत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. हे काम तुमच्या संस्थेच्या वार्षिक मूल्यांकनात बहुधा कुठेच मोजलं जाणार नाही. म्हणून कायम नोकरी असलेल्यांना ते परवडतं, आणि 'तरुण शास्त्रज्ञांचे प्रतिनिधी' म्हणून ज्यांचं पुढचं कंत्राट अजून ठरायचंय असे फार थोडे तिथे पोहोचतात. या अकॅडम्यांनी यावर पुरेसं काही केलंय असं मला वाटत नाही.

तुमचं कंत्राट वर्षभरात संपत असेल तर अर्ज पुढच्या वर्षी करा आणि यंदा एखादा मसुदा वाचा. कंत्राट लांबचं असेल तर आत्ताच भरा. अर्जात "विज्ञान समाजापर्यंत पोहोचवण्याची तळमळ" वगैरे लिहू नका, ते सगळेच लिहितात. कोणत्या अहवालातल्या कोणत्या मुद्द्यावर काम करायचंय आणि पाच वर्षांत त्याचं काय व्हावं, ते लिहा. मुदत संपत आलेल्या एखाद्या सदस्याला मेल करून एवढंच विचारा, की कोणता कार्यगट खरोखर बसून काम करतो. उत्तर येतं, आणि बऱ्यापैकी स्पष्ट येतं.