विद्यार्थ्यांच्या हाती आपले जनावर द्यावे का?

प्रश्न : आमच्या आठ वर्षांच्या कुत्रीच्या पुढच्या पायाला सूज आली असून ती लंगडते आहे. नेहमीच्या पशुवैद्यांना हाडाच्या कर्करोगाची शंका आहे आणि त्यांनी तिला विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायला सांगितले आहे. तेथे विद्यार्थी तिच्यावर शिकतील किंवा ती संशोधनाच्या कामी वापरली जाईल, अशी भीती वाटते. ती रास्त आहे का?

उत्तर : विद्यार्थी तिला तपासतील, हे खरे आहे. मात्र रुग्णालयात येण्याआधी त्यांनी काय काय शिकलेले असते, तेही लक्षात घ्यावे. माणसांच्या डॉक्टरला एकाच प्रजातीचे शरीर शिकायचे असते. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर मात्र चार कप्प्यांच्या जठराची गाय, ज्याला सहसा ओकारीच होत नाही असा घोडा, आणि पॅरासिटामॉलचा निचरा नीट न करू शकणारे, त्यामुळे एखाद्या गोळीनेही दगावू शकणारे मांजर, असे सगळेच रुग्ण येतात. टाके घालणे, शीर शोधणे ही कौशल्ये आधी प्रतिकृतींवर आणि मृतदेहांवर गिरवली जातात, आणि जिवंत रुग्णाजवळ विद्यार्थी असतो तेव्हा निर्णय व जबाबदारी परवानाधारक पशुवैद्यांचीच असते.

पूर्वेतिहास तुम्हाला बहुधा दोनदा सांगावा लागेल, आधी विद्यार्थ्याला आणि मग तज्ज्ञांना. कंटाळू नका, पहिल्या वेळी निसटलेली गोष्ट मालकाला दुसऱ्या वेळी हमखास आठवते. त्यानंतर पायाचा क्ष-किरण, हा रोग फुप्फुसांत लवकर पसरत असल्याने छातीचाही क्ष-किरण, आणि गरज वाटल्यास हाडाचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, असा क्रम साधारणपणे असतो. विकृतिशास्त्र (काढलेल्या तुकड्यावरून रोग ओळखणारे), भूलशास्त्र आणि शस्त्रक्रिया हे विभाग एकाच आवारात असतात, तुमच्या पशुवैद्यांनी तेथे पाठवण्याचे कारण बहुधा हेच असावे. पाय काढावा लागेल, असे कोणी म्हटले तर तेथल्या तेथे नकार देऊ नका. अनेक कुत्री तीन पायांवर आपल्या कल्पनेपेक्षा लवकर सावरतात.

संशोधनाचा प्रश्न वेगळा आहे. कुत्र्यांतला हाडाचा कर्करोग आणि किशोरवयीन मुलांना होणारा हाडाचा कर्करोग यांत बरेच साम्य आहे, आणि कुत्र्यांत तो झपाट्याने वाढत असल्याने उपचाराचा परिणाम लवकर कळतो. म्हणून अशा रुग्णांच्या मालकांना नव्या उपचाराच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले जाऊ शकते. त्यासाठी मालकाची स्वतंत्र लेखी संमती घेतली जायला हवी. सही करण्याआधी जादा तपासण्या कोणत्या, धोका काय, खर्च कोणाचा आणि मध्येच बाहेर पडता येईल का, हे विचारा. नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार अडता कामा नयेत, आणि तसे कोणी सुचवले तर तक्रार अवश्य करावी.

प्रश्न : पाळीव प्राण्यांच्या लाडापायी विद्यापीठांनी एवढा पसारा का मांडावा?

उत्तर : लाडाचा संबंध फार नंतर आला. पहिले आधुनिक पशुवैद्यकीय विद्यालय १७६१ मध्ये फ्रान्समधील लिऑन येथे क्लोद बूर्जला यांनी स्थापन केले. ते मुळात अश्वविद्येचे जाणकार होते. पण त्यांच्या काळातली मोठी चिंता होती ती गुरांचे कळपच्या कळप संपवणाऱ्या बुळकांडीची. हा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली, आणि देवीनंतर असे निर्मूलन झालेला तो दुसराच रोग ठरला. त्या यशाला वॉल्टर प्लाउराइट या पशुवैद्याने विकसित केलेल्या लशीचा मोठा आधार होता. क्षयरोगावरील बीसीजी लशीच्या नावातला शेवटचा 'जी'देखील एका पशुवैद्याचाच, कामीय गेराँ यांचा आहे. गाईंना क्षय करणारा जंतू त्यांनी आणि आल्बेर काल्मेत यांनी १९०८ पासून तेरा वर्षे पुनःपुन्हा वाढवून इतका दुबळा केला, की १९२१ मध्ये तो प्रथमच एका अर्भकाला लस म्हणून देता आला.