ब्राझिलियन जिउ-जित्सूचा शिक्षक खरा आहे हे कसं ओळखायचं?

जवळच्या जिममध्ये ब्लॅक बेल्ट बांधलेला एक शिक्षक ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर पकडी घालून लढायची, कुस्तीसारखी कला) शिकवतो, पण त्याच्याबद्दल कुठेच काही सापडत नाही, मग नाव घालावं का, असं तुम्ही विचारलंय. पैसे भरण्याआधी त्याला एवढंच विचारा: "तुम्हाला ब्लॅक बेल्ट कोणी दिला?"

या कलेत पट्टा गुरू शिष्याला बांधतो. त्यामुळे तुमचा गुरू कोण, त्याचा कोण, ही साखळी जवळजवळ प्रत्येकाला तोंडपाठ असते. मित्सुयो माएदा हा जपानी जुदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि पुढे त्याच्या भावांनी, विशेषतः एलिओने, ही विद्या वाढवली. माएदाच्याच लुईस फ्रान्सा या शिष्याकडून ओस्वाल्दो फादाची वेगळी शाखा निघाली. खऱ्या ब्लॅक बेल्टला हा प्रश्न अपमानाचा वाटत नाही, उलट तो उत्साहाने सांगत सुटतो. नाव मिळालं की त्या गुरूच्या अकादमीला थेट संदेश पाठवून खात्री करून घ्या. "मी अनेकांकडून शिकलो", "आमची स्वतःची पद्धत आहे" अशी उत्तरं आली तर मी तिथे नाव घालणार नाही.

काळाचा हिशेबही पाहा. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असा मोठ्यांचा क्रम आहे. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सर्वसाधारण नियमांनुसार निळ्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर एक वर्ष काढावं लागतं, आणि १९ वर्षांच्या आत काळा पट्टा मिळत नाही. प्रत्यक्षात बहुतेकांना दहा वर्षांच्या आसपास लागतात. दुसऱ्या एखाद्या कलेतला ब्लॅक बेल्ट दोन-चार शिबिरं करून इथेही काळा पट्टा बांधत असेल, तर तो पट्टा या कलेचा नाही. जुदो किंवा कुस्तीत मुरलेला माणूस मॅटवर भारी पडतो, त्याच्याकडून शिकण्यासारखंही पुष्कळ असतं, पण गार्डमधून, म्हणजे पाठीवर पडून समोरच्याला पायांनी अडवत, लढणं हा वेगळा अभ्यास आहे.

याचा अर्थ शिक्षक ब्लॅक बेल्टच हवा असा नाही. जिथे ही कला अजून नवी आहे तिथे जांभळ्या, कधी निळ्या पट्ट्याची माणसंही वर्ग चालवतात. आपला पट्टा लपवत नसेल आणि वरच्या एखाद्या ब्लॅक बेल्टच्या देखरेखीखाली शिकवत असेल, तर असा शिक्षक मला परंपरा न सांगणाऱ्या काळ्या पट्ट्यापेक्षा कितीतरी विश्वासाचा वाटतो.

पण गुरुपरंपरा खरी निघाली म्हणून शिकवणं चांगलं असेलच असं नाही. ते बघायला एक पूर्ण वर्ग बाजूला बसून पाहा आणि बसू देत नसतील तर तिथूनच परता. मी सगळ्यात जास्त लक्ष स्पॅरिंगकडे, म्हणजे सरावाच्या खऱ्याखुऱ्या झुंजीकडे, देतो. चोकमध्ये, म्हणजे गळा आवळण्याच्या डावात, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते, म्हणून टॅप झाला (जोडीदाराने हार मानून हाताने थोपटलं) की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. कोणी सोडायला उशीर केला तर शिक्षक काय करतो? त्याचं लक्षच नसेल, तर हात पिरगाळण्याच्या डावात त्याचा पट्टा तुमचं कोपर वाचवणार नाही. तसंच, पहिल्याच आठवड्यात नवख्यांना हील हुक (टाच पिरगाळून गुडघ्यावर ताण आणणारा डाव) मारायला देत असतील तर तिथे थांबू नका. या डावात गुडघ्याचे लिगामेंट नीट दुखायला लागायच्या आधीच फाटू शकतात, म्हणून आयबीजेजेएफच्या स्पर्धांत तो फक्त तपकिरी आणि काळ्या पट्ट्याच्या प्रौढांना, तोही गीशिवायच्या (जाड जाकिटाच्या पोशाखाशिवायच्या) गटातच, चालतो. उलट स्पॅरिंग अजिबात नसेल, नुसते जोडीने डाव घोटत असतील, तर समोरचा प्रतिकार करत असताना डाव कसा लावायचा हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मॅट रोज पुसली जाते का, हेही विचारा. नायटा मॅटवरून आणि अंगाला अंग लागून पसरतो.

एवढं पटलं तर ट्रायल क्लास करा आणि वर्षभराची फी एकदम भरू नका. पहिला महिना जुन्या विद्यार्थ्यांशी बोलत राहा. त्यांच्यात स्वतःपेक्षा हलक्या, नवख्या जोडीदाराला सांभाळून घेणारे वरच्या पट्ट्याचे लोक दिसले, तर पुढच्या महिन्याची फी खुशाल भरा.