वारशात आलेली कस्तुरी आणि 90 दिवसांची मुदत

वैद्य असलेल्या वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या पेटीत कस्तुरीमृगाच्या दोन वाळलेल्या ग्रंथी मिळाल्या, नातवाची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून त्यांतील कण मधातून दिला जातो, आणि उरलेली कस्तुरी विकता येईल का, असे आपण विचारता. विक्रीचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. अशी पत्रे वैद्य घराण्यांतून वारंवार येतात आणि बहुतेकांत मुख्य गोष्ट, म्हणजे ती बाळगणे तरी कायदेशीर आहे का, हे विचारलेलेच नसते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील ‘ट्रॉफी’च्या (वन्यप्राण्याचा जतन करून ठेवलेला भाग) व्याख्येत कस्तुरीचा नावानिशी उल्लेख आहे आणि कस्तुरीमृग अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे. कलम 40 च्या पोटकलम (2-बी) प्रमाणे अशी वस्तू वारशाने मिळालेल्याने 90 दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करावी लागते. वडिलांना जाऊन चौदा महिने झाले, म्हणजे ही मुदत अकरा महिन्यांपूर्वीच संपली. मृत्यूचा दाखला, बँक, सातबारा यांसाठी आपण कचेऱ्यांत खेटे घातले. तीच तत्परता या पेटीसाठी दाखवली असती, तर आज हा प्रश्न उरला नसता.

आता सगळे वडिलांच्या कागदांवर अवलंबून आहे. पूर्वी घोषणा न केलेल्यांना 18 एप्रिल 2003 च्या नियमांनी 180 दिवसांची संधी दिली होती. वडिलांनी ती घेऊन मालकीचे प्रमाणपत्र मिळवले असेल, तर आपला दोष विलंबाचा राहतो. ते नसेल, तर मूळ ताबाच अडचणीत येतो. वडिलांच्या रोजवहीतील नोंद हे प्रमाणपत्र नव्हे. उशिरा केलेली घोषणा स्वीकारली जाईल, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. खटला झाल्यास मात्र कलम 57 नुसार ताबा बेकायदा नाही हे आपल्यालाच सिद्ध करावे लागेल, आणि शिक्षा किमान तीन, कमाल सात वर्षे आहे.

म्हणून आपल्या भावाने व्हॉट्सॲपवर सुरू केलेली विक्रीची बोलणी आजच थांबवावीत. ग्रंथी जाळू, पुरू किंवा कोणाला भेट देऊ नयेत, कारण त्याने पुराव्याचा प्रश्न अधिक चिघळेल. फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला सर्व कागद दाखवून, त्यांच्यामार्फत नागपूर येथील प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), म्हणजेच महाराष्ट्राचे मुख्य वन्यजीव रक्षक, यांच्याकडे लेखी घोषणा द्यावी आणि पोच घ्यावी. वकिलाशिवाय लिहून दिलेले निवेदन कबुलीजबाब ठरू शकते.

बाळाला कस्तुरी देणे बंद करावे आणि त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.