‘९५ टक्के अचूक’ ऐकल्यावर काय विचारावे?

प्रश्न : विद्यापीठांतल्या तंत्रज्ञान आणि समाज या विषयावरच्या संशोधन-व्याख्यानांत ‘आमची प्रणाली ९५ टक्के अचूक आहे’ असे सांगतात. संगणकशास्त्र न शिकलेल्या श्रोत्याने त्यावर काय विचारावे?

उत्तर : आधी विचारा, जे शोधायचे ते मुळात किती विरळ आहे? समजा, १०,००० अर्जांत १०० बनावट आहेत. प्रणाली बनावटांपैकी ९५ टक्के पकडते आणि खऱ्यांपैकी ९५ टक्के बिनचूक सोडते. म्हणजे ९५ बनावट सापडले, पण ९,९०० खऱ्या अर्जांतले ४९५ विनाकारण अडकले. संशयित ठरलेल्या ५९० अर्जांत सहापैकी जवळजवळ पाच खरे! शिवाय सगळेच अर्ज डोळे झाकून मंजूर केले तरी अचूकता ९९ टक्के भरते. म्हणून नुसत्या अचूकतेवर विसंबू नये. खोटे इशारे किती आणि निसटलेले किती, हे वेगवेगळे मागा.

मग गटवार आकडे विचारा, कारण सरासरीत बरेच लपते. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी २०१८मध्ये तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली.

शेवटी, चुकून अडकलेल्या माणसाने दाद कुठे मागायची आणि निर्णय बदलण्याचा अधिकार कोणाला, हे विचाराच. आमच्या मते याचे उत्तर नसेल, तर ती प्रणाली अजून वापरण्याजोगी झालेली नाही.