टप्पा घेणाऱ्या चेंडूची गणितं कशी सोडवायची?

तुमचं गणित असं आहे: ५ मीटर उंचीवरून चेंडू ६ मी/से वेगाने आडवा फेकला, प्रत्येक टप्प्यानंतर उभा वेग ०.८ पट उरतो, जमीन गुळगुळीत. दुसरा टप्पा कुठे पडेल?

संपूर्ण मार्गाला एकच समीकरण लावू नका. चेंडू जमिनीला टेकताच जुनं गणित संपतं आणि नव्या वेगाने नवी प्रक्षेप्य गती (फेकलेल्या वस्तूची फक्त गुरुत्वाकर्षणाखालची गती) सुरू होते. इथेच बहुतेक जण अडकतात.

गुरुत्वत्वरण (पडताना वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) १० मी/से² धरू. ५ = ½ × १० × वेळ², म्हणून खाली यायला १ सेकंद, म्हणजे पहिला टप्पा ६ मीटरवर. त्या क्षणी उभा वेग १० खाली, टप्प्यानंतर ८ वर. आडवा वेग ६च राहतो, कारण घर्षण नाही, त्याला ०.८ने गुणायचं नाही! पुढची उडी २ × ८ ÷ १० = १.६ सेकंदांची, अंतर ९.६ मीटर. उत्तर: १५.६ मीटर.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं. उड्यांचे काळ १.६, १.२८, १.०२४... अशी भूमिती श्रेढी बनते, म्हणजे प्रत्येक पद आधीच्याच्या ०.८ पट. बेरीज १.६ ÷ (१ − ०.८) = १.६ ÷ ०.२ = ८ सेकंद. टप्पे अनंत, तरी सुरुवातीचा १ सेकंद धरून एकूण ९ सेकंदांत उसळणं थांबतं, ५४ मीटरवर. त्यानंतर चेंडू त्याच ६ मी/से वेगाने जमिनीलगत सरकत राहतो.