हातछपाई आणि स्टेन्सिल: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कापडी पिशवीवर स्टेन्सिलने नक्षी कशी काढायची ते दिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले हे काही प्रश्न. बऱ्याच जणांनी एकच अडचण विचारली होती. तिचं उत्तर पहिल्याच पत्राखाली आहे.

प्रश्न: पांढऱ्या सुती पिशवीवर कोयरी काढली. स्टेन्सिल उचलली तर कडा फुटलेल्या. रंग घट्ट वाटला म्हणून थोडं पाणी घातलं होतं. चूक कुठे झाली? (नौपाडा, ठाणे)

पाण्यात. स्टेन्सिलसाठी कापडाचा रंग श्रीखंडाइतका दाट लागतो. त्यात पाणी गेलं की सुताचे धागे तो वातीसारखे ओढून घेतात आणि कागदावर शाई फुटावी तसा तो फुटतो. बाटलीतला रंग खरोखरच आळला असेल तर त्याच कंपनीचं मीडियम घाला, दहा चमचे रंगाला एक चमचा.

दुसरं कारण ब्रशवरचा जास्तीचा रंग. सपाट तोंडाचा, आखूड ताठ केसांचा गोल ब्रश घ्या. त्याचं फक्त टोक रंगात टेकवा आणि जुन्या कपड्यावर आठ-दहा वेळा आपटा. ब्रश जवळजवळ कोरडा वाटला पाहिजे. मग तो उभा धरून टिपत जा, कडेकडून मध्याकडे. झाडू फिरवल्यासारखा ओढलात तर केस स्टेन्सिलच्या कडेखाली शिरतात आणि रंगही नेतात. पहिला हात फिका दिसेल, दिसू द्या. पाच-सात मिनिटांनी दुसरा द्या, गडद कापड असेल तर तिसराही. एका हातात काम उरकायला जाणाऱ्यांचीच पिशवी बहुधा बिघडते. ब्रश नसेल तर भांडी घासायच्या नव्या स्पंजचा इंचभर तुकडा चालतो, पण त्याची मऊ बाजू वापरा.

कापडाकडेही बघा. नव्या मांजरपाटाला खळ असते. ती असताना रंग वरवर बसतो आणि धुण्यात निघतो. आधी कोमट पाण्यात साबणाने धुवा, मऊपणा आणणारं द्रव्य घालू नका, वाळवून कडक इस्त्री करा. पिशवीत पुठ्ठा सरकवा म्हणजे रंग मागच्या बाजूला उतरणार नाही. वर्तमानपत्र नको, त्याची शाई पांढऱ्या कापडाला लागते. दर छापानंतर स्टेन्सिलची मागची बाजू पुसा. पुढचा छाप खराब होतो तो बहुतेक वेळा तिथे चिकटलेल्या रंगानेच.

प्रश्न: दिवाळीच्या पाकिटांवर 'दीपावली' छापायचं आहे. अक्षरं कापली की 'प' आणि 'व'ची पोटं गळून पडतात, आणि शिरोरेषा कापल्यावर सगळा शब्दच लोंबकळतो. (वाशी)

जिथे रेघ स्वतःभोवती बंद होते तिथे आतला तुकडा सुटणारच. त्याला बाहेरच्या पत्र्याशी, म्हणजे स्टेन्सिलच्या शीटशी, धरून ठेवणारा पूल ठेवावा लागतो. रोमन अक्षरांच्या तयार स्टेन्सिलमध्ये हे पूल असतात. देवनागरीसाठी ते आपले आपण आखायचे, आणि इथे शिरोरेषाच मदतीला येते.

'भ' आणि 'ध' लिहून बघा. त्यांची शिरोरेषा मुळातच तुटलेली असते आणि डोळ्यांना ते खटकत नाही. तीच युक्ती 'प', 'म', 'य' यांना लावा. अक्षराच्या पोटावर, बरोबर मध्ये, शिरोरेषेत छोटी फट ठेवा. पोट वरच्या पत्र्याला जोडलेलं राहतं. 'व', 'ब', 'क' यांची गाठ मात्र शिरोरेषेपासून दूर असते. तिथे गोलाईच्या डाव्या बाजूला आडवा पूल द्या. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ कापली की आतले तुकडे दोन होतात, म्हणून पूलही दोन लागतात. शिरोरेषा अख्ख्या शब्दावर सलग कापू नका, दर अक्षरानंतर तोडा. मग शब्द लोंबणार नाही.

चार सेंटिमीटर उंचीच्या अक्षराला पूल २ ते ३ मिलिमीटर रुंद ठेवा. त्याहून बारीक ठेवलात तर पुसतानाच फाटतो. छापून वाळल्यावर या फटा शून्य नंबरच्या ब्रशने भरता येतात. पण आमचं मत विचाराल तर भरू नका. गोणीवरच्या छापील अक्षरांचा बाज त्या फटांमुळेच येतो.

पत्र्यासाठी १०० मायक्रॉनची ओएचपी शीट (प्रोजेक्टरची पारदर्शक शीट) पुरते. पन्नासहून जास्त पाकिटं असतील तर जुनी एक्स-रे फिल्म बरी, ती साधारण १७५ मायक्रॉनची असते. हातमोजे घालून ब्लीचच्या पाण्यात भिजवली की वरचा काळा थर सुटतो, मग स्वच्छ धुवा. कापताना खाली काच ठेवा, ३० अंशांचं पातं वापरा, आणि वळणावर कटर न वळवता शीट फिरवा. आधी लहान छिद्रं, मग मोठी. मोठी आधी कापली की शीट ढिली पडते आणि बारीक काम हलतं. पूल फाटलाच तर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून जादा भाग पात्याने काढा.

जपानी छपाईतल्या काटागामी स्टेन्सिललाही हाच प्रश्न होता. तिथे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातल्या एका फळाचा रस लावून कागद टणक करत, आणि सुटे भाग रेशमी धाग्यांनी धरून ठेवत. धागे इतके बारीक की छापात दिसत नसत.

प्रश्न: शिसवी लाकडाचा ठसा आणला. छापला की कडा गडद येतात आणि मधलं फूल अर्धवट उमटतं. (ऐरोली)

टेबल कडक आहे. ठसा कितीही चांगला कोरलेला असला तरी त्याचा मधला भाग कापडाला पूर्ण टेकायला खाली थोडी लवचीक गादी लागते. जेवणाच्या टेबलावर जुन्या ब्लँकेटच्या दोन घड्या घाला, वर मांजरपाट सुरकुती न ठेवता ताणून टाचा. छापायचं कापड त्यावर टाचण्यांनी बसवा.

कडा गडद येतात कारण ठसा रंगात बुडतोय. उथळ ट्रेमध्ये सेंटिमीटरभर जाडीचा फोम ठेवा, त्यावर मलमलीचे दोन पदर, आणि दोन-तीन चमचे रंग चमच्याच्या पाठीने पसरा. ठसा हलकेच दोनदा टेकवा, दुसऱ्यांदा थोडा फिरवून. कापडावर ठेवल्यावर तळहाताच्या टाचेने मध्यभागी एकच ठोका. ठसा डोलवायचा नाही, नाहीतर दुहेरी रेघ येते.

तरीही मधला भाग सुटत असेल तर ठसा काचेवर पालथा ठेवून बघा. डुगडुगला तर लाकूड वाकलंय. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर ठसा हलक्या हाताने गोल घासा. दोन-चार वेळा घासून बघत जा, कारण नक्षीची खोली कमी होते. मोठ्या ठशाला आरपार बारीक भोकं असतात, त्यांना पवनसार म्हणतात. ती रंगाने बुजली तर आत हवा अडकते आणि बरोबर मध्ये पांढरा डाग राहतो. सुईने मोकळी करा.

नवा ठसा तेलात मुरवलेला नसेल तर कोरडं लाकूड रंग पितं. दहा-पंधरा दिवस तेलात ठेवा, पुसून घ्या, पहिले पाच-सात छाप चिंधीवर काढा. काम झाल्यावर मऊ टूथब्रशने धुवा आणि सावलीत वाळवा. बादलीत भिजत टाकलात की तो वाकलाच समजा.

दोन रंगांची नक्षी पुढे करणार असाल तर आधी रेषेचा ठसा, मग भरणीचा. राजस्थानातले छपाईवाले त्यांना रेख आणि दत्ता म्हणतात.

प्रश्न: जुलैत छापलेल्या उशीच्या अभ्र्यांचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. इस्त्री केली होती. (घोडबंदर रोड, ठाणे)

बहुधा घाईने केली होती. बाटलीवर २४ तास लिहिलेलं असलं तरी पावसाळ्यात हात लावून कोरडं वाटणारं कापड आतून ओलसर असतं. पंख्याखाली ४८ तास द्या. मग उलट्या बाजूने, कापडाला साजेशा सगळ्यात जास्त तापमानावर, वाफ बंद ठेवून, दर हातभर भागाला तीन ते पाच मिनिटं इस्त्री सतत फिरवत राहा. नंतर चार दिवस धुवू नका.

सुटा पिगमेंट (रंगद्रव्य) आणि बाइंडर (त्याला कापडावर धरून ठेवणारं द्रव्य) घरी मिसळत असाल तर प्रमाणही तपासा. १०० ग्रॅम बाइंडरला ३ ते ५ ग्रॅम पिगमेंट पुरे. गडद छटेच्या मोहात जास्त घातलं की बाइंडर ते धरू शकत नाही आणि रंग घासून निघतो. अभ्रे पॉलिस्टर मिश्रणाचे असतील तर मात्र या रंगाकडून फार अपेक्षा नको.

प्रश्न: बैठकीच्या भिंतीवर स्टेन्सिलची पट्टी काढायची आहे. (नेरूळ)

आधी भिंतीवरून तळहात फिरवा. पांढरी भुकटी लागली तर ते डिस्टेंपर आहे आणि चिकटपट्टी त्याचे पापुद्रे काढेल. आधी प्राइमर आणि इमल्शन लावून घ्या. ओल असलेल्या भिंतीवर तर सुरुवातच करू नका, आधी गळती बंद करा.

छताला समांतर मोजू नका, छत क्वचितच सरळ असतं. लेव्हल पट्टीने पेन्सिलची रेघ आखा आणि भिंतीच्या मध्यापासून दोन्हीकडे जा, म्हणजे अर्धवट नक्षी दोन्ही कोपऱ्यांत सारखी येते. बाकी हात तोच, जवळजवळ कोरडा ब्रश.

प्रश्न: सात-आठ वर्षांच्या मुलांना काय देता येईल? (कळवा)

भेंडी. आडवी कापली की फूल तयार. बटाट्याचा ठसा मोठ्यांनी कोरून द्यावा आणि दहा मिनिटं फडक्यावर पालथा ठेवावा, नाहीतर त्याचं पाणी रंग पातळ करतं. अक्षर कोरायचं असेल तर उलटं कोरा, हे मोठेही विसरतात.

प्रश्न: सामान कुठे मिळेल? (बेलापूर)

शीट, कटर, ब्रश आणि रंग अब्दुल रेहमान स्ट्रीटवर, कापड मंगलदास मार्केटमध्ये. दोन्ही क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास. तुम्हाला हार्बर लोकलने मशीद स्थानक सोयीचं, ठाणेकरांनी मात्र धीमी गाडी पकडावी, जलद तिथे थांबत नाही. कोरीव ठशांसाठी गुजरातेतल्या पेथापूरचं नाव आहे. ठसा घेताना काचेच्या काउंटरवर पालथा ठेवून डुगडुगतो का ते तिथेच बघा. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.